इन्व्हेटरेट, क्रॉनिक, हॅबिच्युअल आणि आमच्या मामांची तपकीर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँकेच्या परीक्षेच्या सरावात इन्व्हेटरेट, क्रॉनिक, हॅबिच्युअल, कन्फर्म्ड, इनग्रेन्ड हे शब्द नेहमी एकाच गठ्ठ्यात येतात. डिक्शनरी प्रत्येकापुढे 'जुनी सवय असलेला', 'मुरलेला' असंच काहीतरी लिहून मोकळी होते. मग वाक्यात कुठला घालायचा? सोबत तुम्ही तीन रिकाम्या जागाही दिल्या आहेत. त्या शेवटी भरू. आधी मामा.

माझे थोरले मामा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. (बाहेरगावच्यांसाठी: नाशिकमध्ये नुसतं 'प्रेस' म्हटलं की नोटा आणि स्टॅम्प छापणारी प्रेस, वर्तमानपत्राची नव्हे.) मामांनी लग्न केलं नाही. विसाव्या वर्षापासून तपकीर ओढायचे, बारा महिने सर्दी असायची, आणि सगळ्या पांढऱ्या सदऱ्यांच्या उजव्या खिशाजवळ एक तपकिरी डाग असायचा. आजीने तो साबण, लिंबू, सोडा सगळं लावून पाहिला. गेला नाही. आणि कुठलंही वाक्य सुरू करण्याआधी ते दोन बोटांनी नाक चिमटीत धरायचे, तपकीर नसली तरी.

या एका माणसात तुमचे पाचही शब्द बसतात. मामा इन्व्हेटरेट स्नफ-टेकर. त्यांची सर्दी क्रॉनिक. ते स्वतः कन्फर्म्ड बॅचलर. डाग इनग्रेन्ड. आणि नाक चिमटीत धरणं हॅबिच्युअल. आता अदलाबदल करून पाहा. 'क्रॉनिक बॅचलर' म्हटलं की अविवाहितपणा हा दर पावसाळ्यात उसळणारा आजार वाटतो. 'इनग्रेन्ड मामा' म्हटलं तर मामाच सदऱ्याला चिकटले. म्हणजे अर्थ सगळ्यांचा जवळजवळ एक असला तरी प्रत्येक शब्द वेगळ्या गोष्टीला चिकटतो: कुणी माणसाला, कुणी सवयीला, कुणी दुखण्याला. मी बरीच वर्षं नाशिकच्या सीबीएस बसस्टँडसमोरच्या कोर्टात येणाऱ्या कागदांची भाषांतरं केली, मराठीतून इंग्रजीत आणि उलट. त्या कामात मला डिक्शनरीपेक्षा हा एकच प्रश्न जास्त उपयोगी पडला: जुनं नेमकं काय झालंय?

इन्व्हेटरेटपासून सुरू करतो, कारण परीक्षेत तोच जास्त छळतो. पहिली गोष्ट, त्यातला 'इन' नकाराचा नाही. क्लासमधली मुलं तो 'इनकरेक्ट'सारखा समजून शब्दाचा अर्थ नेमका उलटा करतात. लॅटिनमध्ये 'व्हेटस' म्हणजे जुना, आणि इन्व्हेटरेट म्हणजे जुना होत गेलेला. 'व्हेटरन' हा त्याचाच भाऊ. गंमत म्हणजे भाषाशास्त्रज्ञ या 'व्हेटस'चं नातं आपल्या 'वत्सर'शी लावतात, पाडव्याला पंचांगात ज्याचं नाव वाचतो त्या संवत्सरातला वत्सर. वर्षं साठत गेली की माणूस इन्व्हेटरेट होतो, असं समजा. (उच्चारात जोर 'व्हे'वर. 'इन्व्हर्टरेट' म्हणू नका, लोडशेडिंगची आठवण येते.)

इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा तो आजारांना लावायचे: जुना, मुरलेला, औषधाला दाद न देणारा रोग. आपल्या वैद्यांचा 'जीर्णज्वर' तसाच. पुढे तो रोगावरून माणसाच्या खोडीवर सरकला. आज तो मुख्यतः माणसाला लागतो: इन्व्हेटरेट लायर, इन्व्हेटरेट गॅम्बलर. किंवा जुन्या वैराला, द्वेषाला. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द 'अट्टल'. अट्टल खोटारडा, अट्टल जुगारी. आणि जसं आपण हसत हसत 'तो अट्टल वाचक आहे हो, सार्वजनिक वाचनालयातली खुर्ची झिजवलीय त्याने' म्हणतो, तसं इंग्रजही इन्व्हेटरेट रीडर, इन्व्हेटरेट ट्रॅव्हलर म्हणतो. तिथे निंदा नसते, पण 'याला आता काही औषध नाही' हा मिश्कीलपणा असतो. नुसत्या कौतुकाला मात्र हा शब्द चालत नाही. 'इन्व्हेटरेट नर्स' म्हणून कुणाचा सत्कार करू नका.

क्रॉनिकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा शब्द आपल्याकडे परीक्षेच्या बाहेरही घोटाळा करतो. आमच्या शेजारच्या काकूंच्या रिपोर्टवर हा शब्द आला आणि घरात रडारड सुरू झाली. क्रॉनिक म्हणजे 'फार सिरियस' अशी त्यांची समजूत. मुलगा नोकरीला पुण्यात, तो रात्रीच्या गाडीने निघाला. शेवटी मी वर जाऊन सांगितलं, काकू, क्रॉनिक म्हणजे जुनाट, भयंकर नव्हे. ग्रीक 'ख्रोनॉस' म्हणजे काळ. या शब्दात फक्त काळ मोजलेला आहे, तीव्रता नाही. त्याचा विरुद्धार्थी शब्द 'अ‍ॅक्यूट', म्हणजे अचानक उठलेला. अ‍ॅक्यूट दुखणं जीव घेऊ शकतं आणि क्रॉनिक दुखण्यासोबत माणूस चाळीस वर्षं जगतो, मामांसारखा.

शिवाय डॉक्टरांचा 'जुनाट' आपल्याला वाटतो तितका जुना नसतो. मूत्रपिंडाचा बिघाड तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकला की त्याला क्रॉनिक म्हणतात. क्रॉनिक ब्राँकायटिसची नेहमीची व्याख्या अशी: वर्षातले किमान तीन महिने कफासह खोकला, आणि असं सलग दोन वर्षं. म्हणजे परवा-परवा सुरू झालेलं दुखणंही क्रॉनिक असू शकतं. तीन महिन्यांत कुणी इन्व्हेटरेट मात्र होत नाही. तीन महिने तपकीर ओढणारा अजून उमेदवारीच करत असतो.

आजाराबाहेर क्रॉनिक लागतो तो वारंवार डोकं वर काढणाऱ्या त्रासाला. आमच्या जिल्ह्यात इगतपुरीला पावसाने माणूस कंटाळतो आणि येवला, नांदगाव, सिन्नरच्या कित्येक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही पाणीटंचाई क्रॉनिक. तिला इन्व्हेटरेट म्हणता येणार नाही. टंचाईला खोड नसते. मग 'क्रॉनिक लायर' कसं चालतं, असं तुम्ही विचाराल. चालतं, पण तिथे बोलणारा त्या माणसाकडे दुखणं म्हणून पाहतो. कामावर सतत दांड्या मारणाऱ्याला ऑफिसच्या कागदात क्रॉनिक अ‍ॅब्सेंटी म्हणतात ते त्यामुळेच: तो ऑफिसचा जुनाट आजार झालेला असतो. मराठीत कसोटी सोपी आहे. 'जुनाट' किंवा 'कायमचं दुखणं' बसत असेल तर क्रॉनिक, 'अट्टल' बसत असेल तर इन्व्हेटरेट. दोन्ही बसलं तर तुमचा राग किती आहे त्यावर ठरवा.

हॅबिच्युअल हा दिसायला सगळ्यात साधा, पण कागदोपत्री सगळ्यात धोक्याचा. एरवी तो फक्त वारंवारिता सांगतो, बरं-वाईट सांगत नाही. नाक चिमटीत धरणं हॅबिच्युअल, रोज त्याच टपरीवर चहा घेणं हॅबिच्युअल. पण माणसाला लावला की त्याला लगेच पोलीस ठाण्याचा वास येतो. हॅबिच्युअल ऑफेंडर म्हणजे आपला 'सराईत गुन्हेगार'. म्हणून पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला अपडाऊन करणारे आमचे पासधारक हे 'रेग्युलर' प्रवासी असतात. त्यांना हॅबिच्युअल पॅसेंजर म्हटलं तर वाटेल, बिनतिकीट सापडलेत की काय.

या वासाला इतिहास आहे. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टने इंग्रजांनी अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली ३१ ऑगस्टला त्या जमाती या शिक्क्यातून सुटल्या, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण राज्याराज्यांत हॅबिच्युअल ऑफेंडर्सचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा, आणि जमातीचा शिक्का गेला तरी संशयाची नजर पुष्कळदा त्याच वस्त्यांवर राहिली. त्यामुळे एखाद्या जबाबात 'हा नेहमी असं करतो' असं साधं वाक्य असेल तर त्याचं 'ही इज अ हॅबिच्युअल...' करायला माझा हात कचरायचा. साक्षीदाराने नुसती तक्रार केलेली असते, भाषांतरात मी त्या माणसाचा वर्गच ठरवून टाकला असता. अशा ठिकाणी 'ही ऑफन डज धिस' पुरतं.

याच शब्दाने मला सुरुवातीला एकदा तोंडघशी पाडलं होतं. दिंडोरीकडचा शेतरस्त्याचा वाद होता. अर्जात 'सदर रस्त्याची वहिवाट पूर्वापार आहे' असं होतं आणि मी इंग्रजीत हॅबिट लिहून बसलो. एका जुन्या वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, सवय माणसाला असते. रस्त्याला वहिवाट असते." तिथे हवा होता कस्टमरी, किंवा कायद्याच्या भाषेत प्रिस्क्रिप्टिव्ह. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात वीस वर्षं उघडपणे, विनाखंड, हक्क म्हणून वापर दाखवला की त्या वापराचा हक्क होतो. म्हणजे एकट्याची ती हॅबिट, समाजाची ती कस्टम, आणि वीस वर्षं कुणी अडवलं नाही तर शेजाऱ्याच्या बांधावरून बैलगाडी नेण्याचा अधिकार. मराठीत सवय, रिवाज, वहिवाट हे तीन वेगळे शब्द डोळ्यासमोर असूनही मी घसरलो, तेव्हा तुम्ही फार वाईट वाटून घेऊ नका.

कन्फर्म्डला दोन वाक्यं पुरतात. रेल्वेचं तिकीट कन्फर्म झालं की आता बदल नाही. माणसाच्या बाबतीतही तेच, आणि तो मोजक्याच नामांपुढे येतो: बॅचलर, स्केप्टिक, एथीइस्ट, टीटोटलर. एक सावधगिरी: ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या मृत्युलेखांत 'कन्फर्म्ड बॅचलर' हा एकेकाळी, हा गृहस्थ समलिंगी होता हे न बोलता सांगण्याचा संकेत होता. जुना मजकूर वाचताना हे लक्षात असू द्या. आमचे मामा मात्र नुसतेच हट्टी होते.

इनग्रेन्ड माझा सगळ्यात लाडका. यातला 'ग्रेन' धान्याचा नाही, म्हणजे तसा आहेही. भूमध्य समुद्राकडे ओकच्या झाडांवर कर्मीस नावाचे किडे मिळायचे. वाळले की दाण्यासारखे दिसत, म्हणून त्यांना दाणाच म्हणायचे, आणि त्यांच्यापासून पक्का लाल रंग निघे. 'इन ग्रेन' रंगवलेलं कापड म्हणजे पक्क्या रंगाचं, धुऊन न जाणारं. आमच्या येवल्यात पैठणी बघायला गेलात तर रेशीम मागावर चढण्याआधीच रंगवलेलं दिसेल; विणल्यावर वरून रंग दिलेला नसतो. सवय इनग्रेन्ड होते ती अशी, माणूस विणला जाण्याआधीच धाग्यात. म्हणून हा शब्द सवयीला, पूर्वग्रहाला, संस्काराला, डागाला लागतो, माणसाला नाही. 'अंगवळणी पडलेलं' त्यामानाने फिकं. 'हाडीमाशी खिळलेलं' जास्त जवळचं.

माणसालाच लावायचा असेल तर इंग्रजीने त्याच रंगाऱ्याकडून दुसरा शब्द घेतला: डाइड-इन-द-वूल. सूत कातण्याआधी लोकरच रंगवलेली. डाइड-इन-द-वूल सोशलिस्ट, म्हणजे कट्टर, पक्का, कुठूनही उसवलं तरी तोच रंग. हे दोन शब्द एकत्र लक्षात ठेवा, पेपर काढणाऱ्यांना ही जोडी फार आवडते.

एन्ट्रेन्च्ड हा खंदकातला शब्द. जुनी गोष्ट हलत नाही, कारण कुणीतरी आत बसून ती राखतंय. म्हणून एन्ट्रेन्च्ड इंटरेस्ट्स, म्हणजे हितसंबंध. तपकिरीला हा शब्द लागत नाही. मामांच्या तपकिरीत कुणाचा फायदा नव्हता, दुकानदार सोडला तर. आणि सैन्याचा विषय निघालाच आहे तर एक नाशिककर म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही: इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलॅली' म्हणतात, ते आमचं देवळाली. मुदत संपलेले गोरे सोल्जर बोटीची वाट पाहत तिथल्या कॅम्पात महिनोन्महिने पडून राहायचे. काम नाही, ऊन रणरणतं, डोकी फिरायची. 'डूलॅली टॅप' असं पूर्ण म्हणत, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. परीक्षेत येणार नाही, पण मुलाखतीत नाशिकचं नाव निघालं तर सांगून टाका.

इनकॉरिजिबल या गठ्ठ्यात घुसतो, पण तो मुळात काळाचा शब्दच नाही. त्याच्या पोटात 'सरळ करणे' आहे. जे सरळ होत नाही ते इनकॉरिजिबल: कुत्र्याचं शेपूट, नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. पाच वर्षांचं पोरही इनकॉरिजिबल असू शकतं. इन्व्हेटरेट व्हायला त्याला अजून बराच वेळ आहे. हार्डन्ड म्हणजे निर्ढावलेला, मनाला घट्टे पडलेला. तो गुन्हेगारापुरता ठेवा.

आता मराठी कुठे फसवते तेही सांगतो, कारण वर मी तिच्याच भरवशावर चाललोय. 'मुरलेला' हा शब्द आपण लोणच्याला, राजकारण्याला आणि वाईट सवयीला सारखाच वापरतो. इंग्रजीत मुरलेला राजकारणी सीझन्ड, मुरलेली सवय इनग्रेन्ड. 'सराईत' तसाच दुधारी: सराईत चोर हॅबिच्युअल, पण 'सराईतपणे गाडी चालवली' म्हणजे सफाईने, तिथे हॅबिच्युअली लिहिलंत तर अर्थ गेला. 'पट्टीचा' पोहणारा आणि 'हाडाचा' शिक्षक तर सवयीचे शब्दच नाहीत. पहिला कौशल्याचा, दुसरा पिंडाचा. रामकुंडावर वर्षानुवर्षं रोज पहाटे डुबकी मारणारे आजोबा पट्टीचे पोहणारे असतीलच असं नाही.

एका बाबतीत मात्र मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. सवयीसाठी आपल्याकडे वेगळा काळच आहे, रीतिभूतकाळ. 'मामा पहाटे उठत, डबी उघडत, खिडकीशी बसत.' सवय शब्द न वापरता सवय सांगून झाली. इंग्रजीला यासाठी 'यूज्ड टु' किंवा 'वुड' लागतं, आणि तिथे आणखी एक खड्डा आहे: 'ही यूज्ड टु टेक स्नफ' म्हणजे पूर्वी ओढायचे, आता नाही, 'ही वॉज यूज्ड टु स्नफ' म्हणजे तपकिरीची त्यांना सवय झालेली होती. मधला एक 'वॉज' पाहिला नाही की मामांनी तपकीर सोडली असं होतं. त्यांनी कधीच सोडली नाही.

आता तुमच्या रिकाम्या जागा, उलट्या क्रमाने. तिसऱ्या वाक्यात पाठदुखी आहे, तिथे क्रॉनिक, विचार करू नका. दुसऱ्यात प्रेज्युडिसेस आहेत, म्हणजे माणूस नाही, मनात बसलेली गोष्ट आहे, इनग्रेन्ड. त्या पर्यायांत डीप-सीटेड असता तर तोही चालला असता, फक्त 'सीडेड' लिहू नका, बियाण्याचा तिथे संबंध नाही.

पहिलं वाक्य तुम्हाला अडलं ते बरोबरच आहे: 'ही इज अ‍ॅन ____ लायर', आणि पर्याय क्रॉनिक, हॅबिच्युअल, इनग्रेन्ड, इन्व्हेटरेट. अर्थाने पाहिलं तर इनग्रेन्ड सोडून तिन्ही चालतात. म्हणून पेपर काढणाऱ्याने गुपचूप 'अ‍ॅन' ठेवलाय. त्याच्यापुढे स्वराचा उच्चार हवा. क्रॉनिक गेला, हॅबिच्युअल गेला. इनग्रेन्ड माणसाला लागत नाही म्हणून तोही गेला. इन्व्हेटरेटवर खूण करा. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत तुम्हाला 'अ‍ॅन हॅबिच्युअल' असंही छापलेलं सापडेल, कारण काही जण तिथला 'ह' जवळजवळ गिळत. पण ते परीक्षा झाल्यावर पाहा.